हॉस्टेलात कुणाचाच पीसी ‘पर्सनल’ नसतो

आमच्या हॉस्टेलमध्ये तीन वस्तूंवर कुणाची मालकी चालत नाही : बादली, चप्पल आणि पेन ड्राईव्ह. बादली शोधली की तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये सापडते. चप्पल जोडीनं गेली तरी निदान एक परत येते. पेन ड्राईव्ह मात्र हमखास परत येतो, फक्त एकटा येत नाही. जाताना बिचारा एक असाईनमेंट घेऊन गेलेला असतो. येताना चार रूम, दोन लॅब आणि गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडचा प्रसाद घेऊन येतो.

मग रात्री साडेअकराला कॉरिडॉरमध्ये आरोळी उठते, “अरे, माझ्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले रे !” मजल्यावरचे ‘डॉक्टर’ येतात. असा एक डॉक्टर प्रत्येक मजल्यावर असतोच. त्याच्याकडे औषधं दोनच : “अँटिव्हायरस टाक” आणि “फॉरमॅट मार.” फी, एक मिसळ. पेशंट बरा होतो, डॉक्टर जेवतो आणि आठवड्याभरात तोच आजार दोन रूम सोडून तिसऱ्या रूममध्ये निघतो.

कारण या सगळ्यात एक प्रश्न कुणी विचारतच नाही : हे तुझ्याकडे आलं कुठून, आणि तू पुढे कुणाकुणाला दिलंस ? मित्रहो, माझं मत असं की व्हायरस काढण्यातली खरी अवघड गोष्ट हीच आहे. स्कॅन काय, कुणीही चालवतो. ‘मला झालाय’ हे वेळेवर सांगणं जमत नाही. आणि हे मी फुकटचा उपदेश म्हणून सांगत नाहीये. मी स्वतः तोंड बंद ठेवून काय केलं, तेच आधी सांगतो.

एप्रिल 2023 ची गोष्ट

मी फर्स्ट इयरला होतो. ग्राफिक्सची प्रॅक्टिस करायला ड्रॉईंगचं सॉफ्टवेअर हवं होतं. विंगमधल्या एकाच्या पेन ड्राईव्हवर ‘फुल व्हर्जन’ सेटअप होता. सोबत एक टेक्स्ट फाईल : चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. मी केला ! चोरानं दुपारी चिठ्ठी पाठवावी की रात्री येतोय, कुत्रा बांधून ठेवा. आणि आपण इमानदारीत कुत्रा बांधावा, तसं झालं. इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालेला माणूस हे करतो, यावर विश्वास ठेवा.

त्याच संध्याकाळी मी आमच्या मजल्यावरच्या मेकॅनिकल फायनलच्या एका दादांची एक्स्टर्नल हार्ड डिस्क पिक्चर कॉपी करायला आणली होती. ती लॅपटॉपला लावलेलीच होती. मला माहीत नव्हतं ते एवढंच, की दादांनी त्याच दुपारी त्यांचा लॅपटॉप फॉरमॅट करायला दिला होता आणि तत्पूर्वी सगळा प्रोजेक्ट या डिस्कवर हलवला होता. बेअरिंगच्या व्हायब्रेशनची तीन महिन्यांची रीडिंग्ज, एक्सेल शीट, चाळीस पानांचा रिपोर्ट. दुसरी कॉपी कुठेच नाही.

सेटअप चालवला. एक खिडकी उघडली, मिटली. काहीच इन्स्टॉल झालं नाही. ‘फाईल खराब असेल’ म्हणून मी मेसला गेलो. परत येऊन पाहतो तर प्रत्येक फाईलच्या नावाला चार अक्षरांची शेपटी चिकटलेली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल : तुमच्या फाईली कुलूपबंद आहेत, किल्लीची किंमत 980 डॉलर, 72 तासांत संपर्क केलात तर निम्मी, 490 डॉलर. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं चाळीस हजार रुपये. माझा अख्खा लॅपटॉप बेचाळीसचा होता.

लॅपटॉपबरोबर डिस्कसुद्धा गेली होती. आणि मी काय केलं ? डिस्क काढली, दादांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणालो, “दादा, डिस्क करप्ट झालीय बहुतेक, माझ्याकडे नीट उघडेना.”

हे वाक्य आठवलं की आजही कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी दादांनी डिस्क दुसऱ्या पीसीला लावली. फाईली दिसत होत्या, उघडत नव्हत्या. मजल्यावरच्या डॉक्टरांनी निदान केलं : फाईल सिस्टिम गेलीय, फॉरमॅट मारा आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा. रात्री मारायचं ठरलं. अकरा वाजता मी त्यांच्या रूमच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी चहा घेऊ.” शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण सांगितल्यामुळे एक झालं : रोगाचं नाव कळलं. कॉम्प्युटरच्या एका सिनियरनी त्या शेपटीवरून आणि टेक्स्ट फाईलवरून ओळखलं, हे ‘स्टॉप–डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर घराणं. 2018 पासून ते मुख्यतः क्रॅक आणि की-जेनमधून पसरत आलेलं आहे. म्हणजे त्याचं गिऱ्हाईक मोठ्या बँका नव्हेत, तुम्ही-आम्ही ! त्याच्यावर एम्सिसॉफ्ट या कंपनीनं 2019 मध्ये एक मोफत टूल काढलं होतं. जुन्या व्हर्जनना ते चालायचं. नव्या व्हर्जनमध्ये फक्त तेव्हा, जेव्हा व्हायरसला नेट मिळालेलं नसतं आणि त्यानं पोटातली ठरावीक किल्ली वापरलेली असते. अशा वेळी टेक्स्ट फाईलमधल्या आयडीच्या शेवटी ‘टी वन’ असतं. आमच्या आयडीच्या शेवटी नव्हतं. म्हणजे किल्ली नाही.

मग त्या सिनियरनी दुसरी गोष्ट सांगितली. हे घराणं घाईत असतं. ते फाईल संपूर्ण कुलूपबंद करत नाही, फक्त सुरुवातीचे सुमारे 150 केबी करतं. वर्डची छोटी फाईल त्यात पार जाते. एक्सेलही गेली. पण दादांचे रीडिंग्जचे लॉग म्हणजे साध्या आकड्यांच्या टेक्स्ट फाईली, प्रत्येकी चार मिनिटांच्या, पंचवीस-पंचवीस एमबीच्या. एक टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली. वर कचरा, कचरा, कचरा... आणि मग एकदम स्वच्छ आकडे ! प्रत्येक लॉगमधले पहिले दीड-दोन सेकंद गेले होते. बाकी सगळं जिवंत होतं.

रिपोर्ट पुन्हा लिहावा लागला. नऊ दिवस दादा टाईप करत होते आणि मी ग्राफ काढत होतो. पण रीडिंग्ज वाचली. मी आणखी एक रात्र गप्प बसलो असतो, तर डिस्कवर फॉरमॅट फिरला असता आणि ते आकडे परत मिळाले असते की नाही, देव जाणे.

आणखी एक. माझी ‘कीर्ती’ सकाळपर्यंत मजलाभर झाली, तेव्हा त्याच पेन ड्राईव्हवरून तोच सेटअप घेतलेले आणखी तिघं पुढे आले. दोघांनी अजून चालवला नव्हता, ते वाचले. तिसऱ्यानं दोन दिवसांपूर्वीच चालवला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. तो आधी बोलला असता तर मी वाचलो असतो. मी बोललो म्हणून दोघं वाचले. हिशोब इतका साधा आहे.

लाज कसली ?

हॉस्टेलमध्ये एकाचे डोळे आले की तो स्वतःच काळा चष्मा लावून फिरतो, “जवळ येऊ नका रे” म्हणतो. पेन ड्राईव्हला काही झालं की मात्र आपण चिडीचूप. का ? एक तर सॉफ्टवेअर चोरीचं असतं. दुसरं, ‘हा कसल्या साईटवर जात होता’ असं लोक म्हणतील ही भीती. तिसरं, कॉम्प्युटर ब्रँचवाल्यांचा अहंकार : मला कसा व्हायरस येईल ? आणि क्षमा करा सर, पण हा अहंकार स्टाफरूममध्येही असतो.

गंमत पाहा. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस ‘ब्रेन’ 1986 मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला. फ्लॉपीवरून पसरायचा. त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता, वर लस हवी असेल तर संपर्क करा असंही लिहिलं होतं ! व्हायरस लिहिणाऱ्यांनी पत्ता दिला. आपण नुसता झालेला सांगायला लाजतो.

आपल्याकडचं उलट उदाहरण पुण्याचं. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्तीला येऊ लागले. धाकटे बंधू संजय कॉम्प्युटर सायन्स शिकत होते. दुकानात येणारी मशिनं व्हायरसनं आजारी असायची, तेव्हा संजय यांनी ती साफ करायचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच 1990 च्या दशकात क्विक हील उभं राहिलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की लोक आजारी मशिन उचलून काउंटरवर आणत होते. मशिन कॉटखाली लपवून ठेवलं असतं तर औषध कुणी काढलं असतं ?

आणि ‘माझा पीसी, माझं मी बघीन’ हे तर विसराच. 27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ नावाचा हल्ला झाला. सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून तो मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि इकडे उरणजवळ जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. युक्रेनचा हिशोबनीस आणि न्हावा-शेवाचा ट्रक ड्रायव्हर यांची ओळख ना पाळख ! तरी एकाचा पीसी दुसऱ्याला भोवला. मग आपण तर एका वायफायवर, एका प्रिंटरवर आणि एका पेन ड्राईव्हवर जगतो.

त्याच कथेचा शेवट आपल्याला विशेष आवडावा. मर्स्कच्या नेटवर्कचा सगळा नकाशा ज्या सर्व्हरांवर होता ते सगळे पुसले गेले, एक सोडून. तो घानामध्ये होता आणि हल्ल्याच्या वेळी तिथले लाईट गेले होते. त्या एका बंद पडलेल्या मशिनवरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लोडशेडिंगनं कंपनी वाचवली, महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला आणखी काय हवं !

यातला धडा बॅकअपचा आहे. जो बॅकअप कायम मशिनला जोडलेला आहे तो बॅकअप नाही, तो दुसरा बळी आहे. दादांची डिस्क हे त्याचं उदाहरण. प्रोजेक्टच्या तीन कॉपी ठेवा : एक लॅपटॉपवर, एक डिस्कवर आणि एक ऑनलाईन. यातली डिस्क काम झालं की काढून कपाटात. आणि ती कुणाला पिक्चरसाठी देऊ नका, अगदी माझ्यासारख्या गरीब चेहऱ्याच्या फर्स्ट इयरवाल्यालासुद्धा.

झालाच तर काय करायचं ?

सगळ्यात आधी नेट बंद, जोडलेल्या सगळ्या डिस्क बाहेर. स्क्रीनवर जो मेसेज असेल त्याचा मोबाईलनं फोटो काढा. आणि रूममध्ये, विंगमध्ये सांगा. फॉरमॅटची घाई नको. आधी नाव शोधा, मग औषध.

शॉर्टकटवाला असेल तर घाबरू नका. डेटा बहुतेक वेळा तिथेच असतो, फक्त लपवलेला असतो, कधी कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये. शॉर्टकटवर डबल क्लिक मात्र करू नका, त्यानंच तर तो चालू होतो. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या आणि सिस्टिमच्या फाईली दिसतील असं करा, आपले डॉक्युमेंट तेवढे कॉपी करा, मग पेन ड्राईव्ह फॉरमॅट करा. पण त्याआधी पीसी साफ हवा. नाहीतर एका हातानं पुसायचं आणि दुसऱ्या हातानं सांडायचं.

जाहिराती उसळतात, ब्राउझर भलतीकडे जातो अशी तक्रार असेल तर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स आणि नोटिफिकेशनची परवानगी दिलेल्या साईट पाहा, नको ते काढा. स्टार्टअपमध्ये अनोळखी पाहुणे आहेत का ते पाहा. मग विंडोजच्या डिफेंडरचा ‘ऑफलाईन स्कॅन’ लावा. हा मशिन रीस्टार्ट करून विंडोज पूर्ण चालू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला जागा राहत नाही. दुसरं मत हवं असेल तर मालवेअरबाइट्ससारखं एखादं. मात्र दोन अँटिव्हायरस एकाच वेळी कायम चालू ठेवू नका. दोन सासवा एका घरात नांदत नाहीत.

रॅन्समवेअर किंवा पासवर्ड चोरणारा निघाला तर मात्र साफसफाईवर विसंबू नका. कुलूपबंद फाईली दुसऱ्या डिस्कवर जपून ठेवा आणि दुसऱ्या स्वच्छ मशिनवरून ‘नो मोअर रॅन्सम’ या साईटवर किल्ली आहे का पाहा. युरोपोल, डच पोलीस आणि सिक्युरिटी कंपन्यांनी 2016 मध्ये सुरू केलेला हा मोफत उपक्रम आहे. आज किल्ली नसली तरी उद्या निघू शकते. त्यानंतर पूर्ण फॉरमॅट, आणि विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साईटवरून घेतलेलं. आपल्या डॉक्टरांच्या ‘ऑल इन वन’ ॲक्टिव्हेटरवालं नको. क्रॅकनं आलेला रोग क्रॅकच्या विंडोजनं घालवणं म्हणजे गटाराच्या पाण्यानं जखम धुणं.

पासवर्ड बदलायचे, पण मशिन साफ झाल्यावर किंवा दुसऱ्या स्वच्छ मशिनवरून. आजारी मशिनवर नवा पासवर्ड टाईप करणं म्हणजे चोरासमोरच नवं कुलूप बसवणं. सगळ्या उपकरणांवरून लॉग आऊट करायला विसरू नका. हे चोर ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलतात, मग त्यांना ओटीपीसुद्धा विचारला जात नाही. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता 1930 ला फोन करा.

‘ओरिजिनल परवडत नाही हो !’

हे खरं आहे, आणि अर्धंच खरं आहे. ज्या सॉफ्टवेअरच्या क्रॅकसाठी मी दादांचा प्रोजेक्ट घालवला, ते ऑटोकॅड विद्यार्थ्यांना कंपनीच एज्युकेशन लायसन्सवर फुकट देते ! मला हे कळलं मे महिन्यात. मॅटलॅबची बरीचशी कामं सायलॅब आणि ऑक्टेव्हवर होतात. सर्किटसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे, पीसीबीसाठी कायकॅड, रिपोर्टसाठी लिब्रे ऑफिस. सगळं फुकट आणि राजरोस. शोधायला एक दुपार लागते. क्रॅक शोधायलाही आपण तेवढीच घालवतो.

बाकी सवयी दोनच सांगतो. रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं अकाउंट वापरा. आणि अपडेट ‘नंतर’ वर ढकलू नका. 12 मे 2017 ला ‘वॉनाक्राय’नं दीडशे देशांत धुमाकूळ घातला, त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं 14 मार्चलाच दिलं होतं. मध्ये दोन महिने जग ‘नंतर’ दाबत बसलं होतं. विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले. जुन्या लॅपटॉपवर 11 बसत नसेल तर लिनक्सला एक संधी द्या. प्रेमात पडाल असं नाही म्हणत, पण संसार होतो.

सर, मॅडम, एक विनंती

आमच्या चुका आम्ही कबूल करतो, आता थोडं आपल्याकडचं. लॅबमधल्या सगळ्या मशिनवर एकच ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिन आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरवर चिकटवलेला, हे बदलावं. सबमिशन पेन ड्राईव्हवर घेण्याऐवजी ऑनलाईन घ्यावं. साठ मुलांचे साठ पेन ड्राईव्ह एका पीसीला लागतात तेव्हा ती यात्राच असते. रीडिंग हॉलजवळ एक जुना पीसी फक्त पेन ड्राईव्ह तपासायला ठेवावा. सर्ट-इननं 2017 मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत टूल्स त्यावर टाकता येतील. आणि सर्वांत महत्त्वाचं, मेसच्या बोर्डावर एक नोटीस लागावी : व्हायरस आल्याचं सांगणाऱ्याला दंड नाही, चौकशी नाही. दंड लावाल तर मुलं लपवतील, आणि पुढचा बळी कदाचित प्रश्नपत्रिका ठेवलेला पीसी असेल.

शेवटी दादांचं सांगतो. व्हायवाला एक्स्टर्नलनी ग्राफ पाहून विचारलं, “पहिल्या दोन सेकंदांचा डेटा का नाही ?” मी दाराबाहेर उभा, घशाला कोरड. दादा शांतपणे म्हणाले, “सर, स्टार्टअपचा ट्रान्झियंट आम्ही धरलाच नाही.” एक्स्टर्नल म्हणाले, “बरोबर.”

बाहेर आल्यावर दादांनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढीच शिक्षा. आता मी फायनलला आहे. माझ्याकडे फर्स्ट इयरची पोरं पेन ड्राईव्ह घेऊन येतात, चेहरा पाडून म्हणतात, “दादा, बहुतेक करप्ट झालाय.” मी म्हणतो, आधी चहा घेऊ. मग खरं काय ते सांग.